हातात घेताच झोपणारे पिल्लू
वाचकांचे प्रश्न : परसातील कोंबड्या

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही नाशिकला मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांना लागून असलेल्या घरात राहतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी बाजारातून गावरान म्हणून विकली जाणारी सहा पिल्ले आणली. ती दोन दिवसांची आहेत, असे विक्रेत्याने सांगितले होते. मोठ्या खोक्यात वर्तमानपत्र, त्यावर भाताचे तूस आणि वर ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब अशी सोय केली. सहाही पिल्ले खातपीत होती. त्यांतले एक माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचे फार लाडके होते. बाकीची हात लावू देत नसत, हे मात्र हातात घेताच डोळे मिटून झोपी जाई. ते चांगले गुबगुबीत होते, पोट तर हाताला टम्म लागे. बल्बची ऊबही त्याला फार आवडे. इतर पाच खोक्यात कुठेही पसरून झोपत, पण हे नेहमी बरोबर बल्बखाली उभे असे. दोन वेळा त्याच्या मागच्या बाजूला विष्ठा चिकटून वाळली होती, ती मी कोमट पाण्याने पुसून काढली. आणल्यापासून सहाव्या दिवशी रात्री अकरा वाजता ते अगदी ठणठणीत होते आणि सकाळी साडेसहाला पाहिले तर मेलेले होते. पोट हिरवट-निळे पडले होते, बेंबीपाशी ओल होती, घाण वास येत होता आणि डोळ्यांना मुंग्या लागल्या होत्या. आदल्या संध्याकाळी मुलीने त्याला चुरमुरे भरवले होते, त्यामुळेच ते गेले असे ती मनात धरून बसली आहे. शेजारी बर्ड फ्लू म्हणतात, यजमानांना बागेतल्या फवारणीचा संशय आहे आणि सासूबाईंच्या मते मुंग्यांनीच त्याचा जीव घेतला. पिल्लू त्याच दिवशी परसात पुरले. उरलेली पाच पिल्ले आता तीन आठवड्यांची झाली असून उत्तम आहेत. मुलीने वहीत पिल्लांची वजने लिहिली होती, त्या पानाचे आणि खोक्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे. नेमके काय झाले असावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातून ‘ठणठणीत’ हा एक शब्द काढून टाकला, तर उरलेल्या मजकुरात त्या पिल्लाच्या आजाराचे जवळजवळ पूर्ण वर्णन आलेले आहे. पिल्लाची उत्तरीय तपासणी झालेली नसल्याने मी सांगतो आहे ते खात्रीचे निदान नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो. तरीही माझा कल निश्चित आहे. हे पिल्लू बलकाच्या पिशवीला झालेल्या संसर्गाने गेले असावे, आणि तो संसर्ग ते आपल्या घरी येण्यापूर्वीच, बहुधा उबवणीच्या काळातच, त्याच्या पोटात शिरलेला होता.

हा आजार समजण्यासाठी थोडे मागे, अंड्यात जावे लागेल. कोंबडीच्या अंड्यातून एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर पडते. त्याच्या एक-दोन दिवस आधी अंड्यातला उरलेला बलक त्याच्या पिशवीसकट बेंबीच्या वाटेने पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि मागोमाग बेंबी मिटते. ही त्याची जन्माची शिदोरी असते. तिच्या बळावर पिल्लू दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून तग धरू शकते आणि म्हणूनच एका दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून दूरच्या गावी पाठवता येतात. या बलकात केवळ अन्न नसते, तर आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्येही असतात आणि ती बलक जिरता जिरता पिल्लाच्या रक्तात उतरतात. निरोगी पिल्लाच्या पोटातली ही पिशवी आठवडाभरात आक्रसून वाटाण्याएवढी होते. परंतु बेंबी नीट मिटली नाही, किंवा घाणेरड्या अंड्याच्या कवचातल्या सूक्ष्म छिद्रांतून जंतू आधीच आत शिरले, तर हाच बलक जंतूंसाठी वाढून ठेवलेले ताट ठरतो. अशा वेळी बहुतेकदा ई. कोलाय हा जंतू सापडतो. बलक जिरण्याऐवजी नासतो, पातळ किंवा फुटलेल्या दुधासारखा होतो, पोट फुगत जाते, आणि पिल्लाला शिदोरीही मिळत नाही व आईकडची प्रतिकारशक्तीही मिळत नाही. अशी पिल्ले मुख्यतः पहिल्या आठवड्यात, फार तर दहाव्या दिवसापर्यंत दगावतात. विक्रेत्याने सांगितलेले वय खरे मानले, तर आपले पिल्लू मरताना साधारण आठ दिवसांचे होते.

आता आपण कौतुकाने लिहिलेल्या तीन गोष्टींकडे वळू.

पहिली गोष्ट म्हणजे हातात घेताच झोपणे. आठवड्याचे निरोगी पिल्लू हातात धरले की धडपडते, चिवचिवते आणि बोटांच्या फटीतून निसटू पाहते. ऊब मिळाल्यावर ते थोडे शांत होते हे खरे, पण दर वेळी, दिवसा, डोळे मिटून मान टाकणे हा लळा नसून अशक्तपणा असतो. माझ्या आजवरच्या कामात ‘ते सगळ्यांत माणसाळलेले होते’ हे वाक्य मेलेल्या पिल्लाबद्दल इतक्या वेळा ऐकले आहे की, कोणी जिवंत पिल्लाबद्दल तसे म्हणू लागले तरी मी आधी त्याचे पोट चाचपून पाहतो. कोंबडी हा शिकार होणाऱ्यांच्या कुळातला पक्षी आहे, त्यामुळे आजार उघड करणे त्याच्या स्वभावात नाही. उभे राहता येते तोवर तो उभा राहतो, आणि इतर पिल्ले दाणे टिपू लागली की त्यांच्याबरोबर तोही चोच आपटतो. त्या चोचीत दाणा जातो की नाही, हे लांबून कळत नाही.

दुसरी गोष्ट बल्बखाली उभे राहण्याची. येथे आपले निरीक्षण इतके नेमके आहे की मला तापमापीची गरज उरलेली नाही. खोक्यातली ऊब कमी असेल, तर सगळीच पिल्ले बल्बखाली एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि एकसारखी ओरडतात. ऊब जास्त झाली, तर ती कडेला सरकतात, चोची उघड्या ठेवून धापा टाकतात आणि पंख अंगापासून दूर धरतात. पाच पिल्ले पसरून झोपत होती, याचा अर्थ खोक्यातली ऊब योग्य होती. त्याच उबेत एकालाच थंडी वाजत असेल, तर दोष खोक्यात नसून त्या पिल्लात असतो. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची उष्णता नीट राखता येत नाही, आणि आजारी पिल्लाला तर मुळीच नाही. जानेवारीत नाशिकला पहाटे पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो, त्यामुळे त्या रात्रीच्या थंडीने शेवट काही तासांनी अलीकडे आणला असेल, एवढेच म्हणता येईल.

तिसरी गोष्ट म्हणजे टम्म पोट. आपल्या मुलीने पिल्ले आणल्याच्या चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेली वजने वहीत अशी आहेत : ५४, ५८, ५१, ५७, ५५ आणि शेवटी ‘लाडू’ या नावापुढे ३७ ग्रॅम. गावरान पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हाच साधारण तीस-पस्तीस ग्रॅमचे असते, म्हणजे लाडूचे वजन जन्मानंतर जेमतेम हलले होते, तर भावंडे दीडपटीच्या पुढे गेली होती. सगळ्यांत हलके पिल्लू सगळ्यांत गुबगुबीत दिसत असेल, तर ते पोट अन्नाने भरलेले नसते. खाऊन तृप्त झालेल्या पिल्लाचा फुगवटा पोटावर नसतोच. तो मानेच्या बुडाशी, छातीच्या उजव्या अंगाला, अन्नाच्या पिशवीत असतो. दिवे मंद करण्यापूर्वी प्रत्येक पिल्लाची ही पिशवी बोटाने हलकेच चाचपावी. ती दाण्यांनी भरलेली आणि मऊसर लागली पाहिजे. जिची रिकामी, ते पिल्लू वेगळे काढावे. मला विचाराल तर पिल्ले पाळणाऱ्याने महागड्या औषधांच्या आधी ही एक सवय लावून घ्यावी.

आता मेल्यानंतर दिसलेल्या खुणा. येथे थोडा सावधपणा बाळगायला हवा, कारण ‘पोट हिरवे-निळे पडले होते’ एवढ्यावरून मी कोणताही निष्कर्ष काढला नसता. मेलेल्या पिल्लाचे पोट काही तासांतच कुजू लागून हिरवट होते, आणि बल्बच्या उबेत पडून राहिलेल्या देहात तर ते फारच लवकर होते. वासाचेही तेच. म्हणून मी मेल्यानंतरच्या खुणांपेक्षा जिवंतपणीच्या खुणांना अधिक वजन देतो. पोट आधीपासून फुगलेले होते, आणि आपण पाठवलेल्या तिसऱ्या दिवशीच्या छायाचित्रातही बेंबीची जागा कोरडी व मिटलेली न दिसता काळसर खपलीसारखी दिसते. या दोन गोष्टी कुजण्याने घडलेल्या नाहीत. पिल्लू पुरण्याआधी पशुवैद्यांकडून त्याचे पोट उघडून पाहिले असते, तर पिवळट-हिरवा किंवा तपकिरी, दुर्गंधी बलक अजून सुपारीएवढा आढळला असता, असा माझा अंदाज आहे. तसे आढळले असते तर संशयाला जागा उरली नसती.

घरातल्या संशयितांची झडती आता लवकर आटोपता येईल. चुरमुऱ्यांनी आठवड्याचे पिल्लू मरत नाही. पिल्लांच्या भरड्यापुढे चुरमुरे हे फारच हलके अन्न आहे आणि ते सवयीने देऊ नये, पण चार-सहा दाण्यांनी घात होत नाही. शिवाय वजनाची ती नोंद चुरमुऱ्यांच्या दोन दिवस आधीची आहे, म्हणजे पिल्लू तेव्हाच मागे पडलेले होते. मुंग्या मेल्यावर आल्या. त्या पहिल्यांदा डोळ्यांनाच लागतात, म्हणून पाहणाऱ्याला त्यांचाच हात दिसतो. अगदी मरणासन्न पिल्लाला मुंग्या लागू शकतात, पण हिंडत्याफिरत्या पिल्लाला त्या मारत नाहीत. बागेतल्या फवारणीची शंका रास्त आहे, कारण पक्षी विषारी वाफांना फार हळवे असतात. तथापि एकाच खोक्यातली, एकच हवा घेणारी आणि एकाच भांड्यातले पाणी पिणारी पाच पिल्ले टवटवीत राहून एकच जावे, हे विषबाधेचे लक्षण नाही. बर्ड फ्लूबद्दलही हेच उत्तर आहे, किंबहुना अधिक ठामपणे. भारतात हा रोग कोंबड्यांमध्ये पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्याच नाशिक विभागातल्या नवापूरला, त्यामुळे उत्तर महाराष्ट्रात त्याची धास्ती लोकांच्या मनात बसणे स्वाभाविक आहे. पण तो घातक स्वरूपात आला की दोन-तीन दिवसांत सगळे खुराडे रिकामे करतो. एक पिल्लू नेऊन पाच भावंडांना तीन आठवड्यांची होईपर्यंत सुखाने वाढू देणारा तो रोग नव्हे.

एका रोगाला मात्र मी पूर्णपणे बाजूला सारू शकत नाही, तो म्हणजे पांढरी हगवण, अर्थात पुलोरम. साल्मोनेला जातीच्या जंतूमुळे होणारा हा रोगही अंड्यातूनच, आजारी कोंबडीकडून पिल्लात उतरतो आणि त्यातही मागच्या बाजूला विष्ठा चिकटून वाळते. आपण दोनदा पुसली ती विष्ठा पांढरी व खडूसारखी होती की तपकिरी, हे पत्रात नाही. तपकिरी असेल तर चिंता नको, कारण थंडी, प्रवासाचा ताण आणि बलकाचा संसर्ग यांतही असे चिकटणे नेहमीचे आहे. पुलोरममध्ये मरतूक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शिगेला पोहोचते आणि ती सहसा एकावर थांबत नाही. आपली पाचही पिल्ले तो काळ पार करून आली आहेत, हे माझ्या अंदाजाच्या बाजूचे आहे. मात्र या रोगातून वाचलेली कोंबडी बाहेरून निरोगी दिसूनही आयुष्यभर जंतू बाळगू शकते. पुढे या कोंबड्यांचीच अंडी आपण खुडूक कोंबडीखाली रवणाला बसवणार असाल, तर त्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यांची रक्तचाचणी करून घेण्याविषयी विचारावे.

आपल्याकडून काही चुकले का, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण पत्राच्या ओळींमधून तो जाणवतो. बलकाच्या संसर्गावर परिणामकारक उपचार नाही. नासलेल्या बलकापर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही आणि चौथ्या दिवशी आपण पिल्लू दवाखान्यात नेले असते तरी ते वाचण्याची शक्यता थोडीच होती. हा संसर्ग एका पिल्लाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही, म्हणून इतरांना आपण धोक्यात घातले असेही नाही. चूक झाली ती अंडी उबवणाऱ्याकडे. विष्ठा लागलेली अंडी यंत्रात बसवणे, किंवा ती स्वच्छ दिसावीत म्हणून पाण्याने धुणे, ही या संसर्गाची नेहमीची कारणे. धुण्याने कवचावरचा नैसर्गिक लेप निघून जातो आणि गार पाण्याबरोबर जंतू छिद्रांतून आत खेचले जातात. यंत्रातले तापमान ३७.५ अंशांच्या आसपास स्थिर न राहता वरखाली होणे आणि शेवटच्या दिवसांत ओलावा बेताबाहेर जाणे यांमुळे बेंबी नीट मिटत नाही. पुढच्या वेळी पिल्ले घेताना ती उताणी करून बेंबी पाहावी. ती कोरडी, स्वच्छ व मिटलेली असावी. ओल, खपली किंवा दोऱ्यासारखा काळा तुकडा दिसला, तर ते पिल्लू घेऊ नये आणि त्या पाटीतली इतर पिल्लेही दोनदा पाहावीत.

खोक्यात तुसाखाली वर्तमानपत्र आहे, तेवढे बदलावे. तूस सरकले की उघड्या पडलेल्या गुळगुळीत कागदावर कोवळ्या पिल्लांचे पाय फाकतात. त्या जागी गोणपाटाचा तुकडा चालेल. लाडूच्या मृत्यूशी मात्र याचा काही संबंध नाही.

मुलीला आपण काय सांगाल ते मी ठरवू शकत नाही, पण एवढे जरूर सांगावे की सहा पिल्लांमध्ये हे एक आजारी होते, ही गोष्ट घरात सगळ्यांत आधी तिच्या वहीने नोंदवली होती. ती वही तिने चालू ठेवावी. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात रक्ती हगवण आणि गंबोरो (विषाणूमुळे होणारा रोग) हे दोन रोग पिल्लांना गाठतात आणि वजन वाढायचे थांबणे हा आजाराचा लवकर मिळणारा इशारा ठरू शकतो. तूस कोरडे ठेवावे आणि रोज हलवावे. पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस तर दररोज काढून टाकावे, कारण रक्ती हगवणीचे जंतू उबदार ओलीत एक-दोन दिवसांतच रोग देण्याजोगे होतात. विष्ठेत रक्त दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. या रोगावर औषध आहे आणि ते वेळेत दिले तर उपयोगी पडते.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला शेतकरी असून वर्षातून दोन वेळा दीडशे-दीडशे गावरान पिल्ले वाढवतो. या वेळी दहाव्या दिवशी सकाळी शेडच्या एका कोपऱ्यात तेवीस पिल्ले एकावर एक मेलेली आढळली. आदल्या दिवशी सर्व पिल्ले व्यवस्थित होती. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस सातव्या दिवशी दिलेली आहे. खाद्य, तूस, शेड सर्व पूर्वीचेच आहे. फक्त वीजबिल वाचावे म्हणून जुने १०० वॅटचे चार बल्ब काढून नऊ-नऊ वॅटचे एलईडी लावले, उजेड उलट जास्तच पडतो. ही मानमोडी तर नव्हे? लस पुन्हा द्यावी का?

उत्तर : ही मानमोडी नव्हे आणि लस पुन्हा देऊ नये. मानमोडीत पिल्ले हिरवी हगवण करतात, तोंड उघडून श्वास घेतात, माना वाकड्या होतात आणि मरतूक दिवसेंदिवस वाढत जाते. एका रात्रीत, एका कोपऱ्यात, एका ढिगात ती होत नाही. आपली पिल्ले गारठून एकमेकांवर चढली आणि खालची गुदमरून मेली. ढिगाच्या तळातली पिल्ले चपटी, पिसे घामेजल्यासारखी ओली आणि कातडी निळसर अशी दिसली असतील, तर त्याविषयी शंका नको.

कारण आपण पत्रात सहज म्हणून लिहिलेले आहे. पिल्लांना बल्बचा उजेड नव्हे, त्याची उष्णता हवी असते. जुना पिवळा बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवतो. दिवा म्हणून हा त्याचा दोष आहे, पण पिल्लांच्या दृष्टीने तोच त्याचा गुण. एलईडी बल्ब मुळात वीज कमी घेतो आणि त्याची जी थोडी उष्णता असते तीही मागच्या बाजूला, होल्डरकडे जाते. ब्रूडरसाठी, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या सोयीसाठी, एका पिल्लामागे दोन वॅट हा आपल्याकडचा जुना हिशेब आहे. दीडशे पिल्लांना ३०० वॅट हवेत, पूर्वी आपल्याकडे ४०० होते आणि आता ३६ आहेत. एखाद्या उबदार जिल्ह्यात हा बदल कदाचित पचून गेला असता, परंतु निफाडमध्ये थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो.

जुने बल्ब किंवा इन्फ्रारेड दिवे पुन्हा लावावेत आणि तापमापी पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगावी. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ती खोटाच दिलासा देते. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सियस आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी, असे ठेवावे. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल चिकगार्ड लावल्यास पिल्लांना ढीग करायला कोपराच मिळत नाही. वीज जाण्याच्या भीतीने कोळशाची शेगडी ठेवणार असाल, तर पडदे वरच्या बाजूने एक वीत उघडे ठेवावेत. पूर्ण बंद शेडमध्ये कोळशाच्या वायूने पिल्ले मरतात आणि राखण करणारा माणूसही दगावू शकतो. त्या मरणाची खूण वेगळी असते : पिल्ले ढिगात नव्हे, तर जागच्या जागी विखुरलेली मिळतात आणि कापल्यास रक्त नेहमीपेक्षा लालभडक दिसते.

गारठ्यातून वाचलेल्या पिल्लांना दोन-तीन दिवस कोमट पाणी द्यावे आणि या काळात कोणतीही लस देऊ नये. गंबोरोची लस चौदाव्या दिवशी द्यायची असते, ती वेळ जवळ आली आहे. पिल्ले तोवर सावरली नाहीत असे वाटल्यास एक-दोन दिवस पुढे ढकलण्याबाबत आपल्या पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : पिल्लू मेल्यास तपासणीसाठी कसे न्यावे? मागच्या वेळी आम्ही ते डीप फ्रीजरमध्ये ठेवले होते, तर दवाखान्यात नाराजी व्यक्त झाली. (सिन्नर)

उत्तर : नाराजी योग्य होती. गोठवलेला देह पुन्हा सैल होताना त्यातल्या पेशी फुटतात आणि यकृत, फुप्फुस व आतडी यांवर रोगाने केलेले बदल ओळखता येत नाहीत. पिल्लू फ्रीजच्या खालच्या, चार अंशांच्या कप्प्यात, खाण्याच्या पदार्थांपासून वेगळे, दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून ठेवावे आणि शक्यतो चोवीस तासांच्या आत, बर्फ भरलेल्या डब्यातून न्यावे. हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी. घरच्या सुरीने पोट फाडून पाहण्याचा मोह टाळावा.

सोबत एका कागदावर पिल्लाचे वय, जात, कोठून आणले ती तारीख, दिलेले खाद्य, दिलेल्या लसी, एकूण पिल्ले किती व त्यांतली किती मेली, शेवटचे जिवंत कधी पाहिले आणि मेलेले कधी व कोणत्या जागी सापडले, एवढे लिहावे. हा कागद नसेल, तर चिरफाडीतून मिळणारी माहिती अर्धीच उपयोगी पडते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून गरज भासल्यास नमुना पुण्याला औंध येथील रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. आजारी पण जिवंत असलेले एखादे पिल्लू असेल, तर तेही बरोबर न्यावे, कारण तपासणाऱ्याला त्याचा उपयोग मेलेल्यापेक्षा जास्त होतो.

दोन-तीन दिवसांत बऱ्याच कोंबड्या एकदम मेल्या, किंवा जवळपास कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, तर मात्र काहीही हलवू नये. दवाखान्याला कळवावे किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार असे कळवणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्यही आहे. एरवी तपासणीला न दिलेले पिल्लू घंटागाडीत किंवा नाल्यात टाकू नये. दोन फूट खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरावे आणि कुत्री उकरणार नाहीत असा दगड ठेवावा.